चंचीत मावेल तेवढंच: पायी वारीला निघण्याआधी

आजोबांची चंची अजून माझ्या कपाटात आहे. हातभर लांब कापडी पट्टी, तिच्यावर ओळीने शिवलेले पाच कप्पे. एकात पानं, एकात सुपारी, एकात कात, एकात लवंग-वेलदोडे आणि शेवटच्या अरुंद कप्प्यात चुन्याची डबी नि अडकित्ता. गुंडाळी करून दोरी दोनदा फिरवली की सगळं मुठीत मावायचं. ओसरीवर अंधारात गप्पा मारताना आजोबा चंचीकडे बघतही नसत, बोटं आपोआप हव्या त्या कप्प्यात जायची. वारीची पिशवी कशी भरायची, हे मला त्या चंचीने शिकवलं. यंदा पहिल्यांदा निघणाऱ्या माउलींसाठी ही तयारी त्याच पद्धतीने सांगते.

आधी दिवस कसा जातो ते डोळ्यांसमोर आणा. ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट सुमारे 250 किलोमीटरची. दिंडीत भिशी, म्हणजे वारीपुरती वर्गणी, भरली की जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक ही सोय होते. पण पहाटे उठून आंघोळ उरकली की तंबू उतरतो, वळकट्या ट्रकमध्ये चढतात आणि ट्रक पुढच्या मुक्कामी निघून जातो. तो भेटणार थेट संध्याकाळी. म्हणजे मोठं सामान कितीही चांगलं बांधलं तरी दिवसाचे बारा-चौदा तास तुमच्याजवळ फक्त खांद्यावरची पिशवी असते. म्हणून सामानाची वाटणी करताना ‘ही वस्तू काय आहे’ असं विचारू नका, ‘ही कधी लागते’ असं विचारा. अंगावर राहणारं, खांद्यावर राहणारं आणि ट्रकमध्ये जाणारं, असे तीनच ढीग घरी चटईवर करा.

अंगावरचा ढीग सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचा. कमरेला बांधायची कापडी पिशवी पोलक्याच्या किंवा सदऱ्याच्या आत राहील अशी घ्या. तिच्यात आधारची झेरॉक्स, थोड्या मोठ्या नोटा आणि एक कागद. या कागदावर घरचे दोन फोन नंबर, दिंडीप्रमुखांचा नंबर, तुमचा रक्तगट, चालू औषधांची नावं आणि दिंडीचा क्रमांक लिहा. क्रमांक लिहिताना तो पालखीच्या रथापुढचा की रथामागचा, हे लिहायला विसरू नका. रथापुढे 27 दिंड्या असतात, बाकीच्या रथामागे, आणि दोन्हीकडचे क्रमांक एकपासून सुरू होतात. चुकलेला माणूस नुसतं ‘बारा नंबर’ म्हणत राहिला तर त्याला कुठे पोचवायचं हे सांगणाऱ्यालाही कळत नाही. फोनमध्ये सगळं आहे म्हणून हा कागद टाळणारे मी पुष्कळ पाहिले. फोन भिजतो, त्याची बॅटरी संपते, आणि दुसऱ्याच्या फोनवरून लावायचा तर घरचा नंबर पाठ नसतो.

आता खांद्यावरची पिशवी. शबनम दिसायला शोभते, पण सगळं वजन एकाच खांद्यावर येतं. पुण्याहून सासवडला जायच्या दिवशी तीसेक किलोमीटर चालणं आणि त्यातच दिवे घाट. त्या संध्याकाळी एका बाजूची मान अवघडलेल्या बायका एकमेकींना तेल चोळत बसलेल्या असतात. दोन पट्ट्यांची, शाळेच्या दप्तराएवढी सॅक घ्या. पाण्यासकट तीन किलो ही माझी मर्यादा आहे. एक लिटर पाण्याचाच एक किलो होतो, म्हणजे बाकी सगळं दोन किलोंत बसवायचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघा. आमच्या घरातला टर्किश टॉवेल अर्ध्या किलोला थोडा कमी भरला, पंचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नव्हता. भिजल्यावरचा फरक तर विचारूच नका. पंचा अर्ध्या तासात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, पंगतीत मांडीवर घेता येतो.

सॅकच्या आत मी चार लहान पिशव्या ठेवते आणि चारही वेगवेगळ्या कापडांच्या. औषधांची खणाची, कारण खणाचं विणकाम बोटाला लगेच कळतं. खाऊची मांजरपाटाची. टॉर्च, चार्जर, सुई-दोरा असल्या किडुकमिडुक वस्तूंची जुन्या जीन्सच्या पायाची, जाड आणि खरखरीत. आणि भिजू नये अशा वस्तूंची रेक्झिनची, गुळगुळीत आणि गार. पहाटे तीन वाजता तंबूत वीस माणसं झोपलेली असतात, काहींचा नुकता डोळा लागलेला असतो. तिथे टॉर्च मारून प्लॅस्टिकच्या पिशव्यांची खुसफुस करणं बरं दिसत नाही. हात घातला की कापडावरून पिशवी कळली पाहिजे. रंगावर जाऊ नका, अंधारात सगळे रंग सारखेच.

खणाच्या पिशवीबद्दल सविस्तर सांगते. रोजच्या गोळ्या एकूण दिवस अधिक तीन दिवस अशा मोजून घ्या, आणि निम्म्या ट्रकमधल्या सामानात, निम्म्या जवळ ठेवा. दुसऱ्या वर्षी मी रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या वळकटीत टाकल्या होत्या. पाऊस झाला, ट्रक चिखलात रुतला आणि मुक्कामी आला रात्री अकराला. आठची गोळी तोवर नाही. डोकं जड झालेलं आणि शेजारच्या माउली पंख्यासारखी वही हलवत माझ्याजवळ बसलेल्या, ती रात्र मला आजही आठवते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ते ट्रकच्या उकाड्यात ठेवूच नये. सोबत कसं न्यायचं हे डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा, आणि खडीसाखर हाताशी असू द्या. ओआरएसची पाकिटं घेताना मागची बाजू वाचा. काही पाकिटं 200 मिलीलिटर पाण्याची असतात, काही एक लिटरची. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पिणं चूक आहे. आपली बाटली लिटरची, म्हणून लिटरचीच पाकिटं घ्या आणि पूर्ण बाटलीत एक टाका, हिशेब सोपा राहतो. याशिवाय तापाची गोळी, चिकटपट्टी, कापूस आणि डास पळवायचं मलम. बाकी फार भरू नका. वाटेवर सरकारी आणि सेवाभावी दवाखाने जागोजागी असतात.

पायांची तयारी मी औषधांत धरत नाही, तिला वेगळा मान आहे. नवे बूट नकोत. महिनाभर वापरून पायाला बसलेली, मागे पट्टा असलेली चप्पल उत्तम. जिथे घासतं ती जागा तुम्हाला सरावात कळलेली असते, तिथे फोड यायच्या आधीच सकाळी चिकटपट्टी लावा. आलेला फोड फोडू नका, झाकून ठेवा. लहान डबीत खोबरेल घ्या. ते टाचांना लागतं, काखेत लागतं आणि ओल्या कपड्याने सोलवटलेल्या मांड्यांना तर लागतंच. पावसाच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. त्यावर औषधापेक्षा मोठा उपाय म्हणजे संध्याकाळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसणं. पंच्याचं एक टोक मी त्यासाठीच राखून ठेवते. पायाला कापलं असेल तर ते झाकल्याशिवाय साचलेल्या पाण्यात उतरू नका.

मांजरपाटाच्या पिशवीत शेंगदाणे, गूळ आणि राजगिऱ्याचे लाडू. चहा-फराळ वाटेभर मिळतो, लोक हाताला धरून देतात, त्यामुळे साठा नको. मात्र दिवे घाटाच्या दिवशी बहुधा एकादशी असते. उपास आणि तो चढ एकत्र येतात, म्हणून लाडू त्या दिवसासाठी जपा. एक स्टीलचा पेला सॅकला बाहेरून अडकवा. ताट-वाटी ट्रकमध्ये चालते, पेला मात्र जवळ हवा. रस्त्याकडेला कागदी कपांचे ढीग पडतात, त्यात आपली भर नको.

जीन्सच्या पिशवीत लहान टॉर्च, चार्जर, 10,000 एमएएचची पॉवर बँक, सुई-दोरा, सहा पिना, तीन मीटर नायलॉनची दोरी आणि टाळकरी असाल तर टाळाची जास्तीची दोरी. पिना फार कामाच्या. ओला पंचा सॅकच्या पाठीला टोचून चालत राहायचं, विसाव्यापर्यंत तो वाळतो. साबणाची अख्खी वडी नेऊ नका, सुरीने चार तुकडे करा आणि एक तुकडा जवळ, तीन ट्रकमध्ये. टँकरखाली अंधारात आंघोळ करताना साबण हातातून निसटतो आणि चिखलात गेलेला तुकडा कोणी शोधत नाही.

रेक्झिनच्या पिशवीत भजनाचं लहान पुस्तक, चष्मा, सुट्टे पैसे. दहा-वीसच्या नोटा घरूनच भरपूर घ्या. गर्दीत नेटवर्क बसतं आणि चहावाल्यासमोर फोन फिरवत उभं राहावं लागतं. बायकांनी याच पिशवीत सॅनिटरी पॅड आणि वर्तमानपत्राचे तुकडे ठेवावेत. पाळीची तारीख दूर असली तरी ठेवा, एवढ्या चालण्याने ती पुढेमागे होऊ शकते. आणि आपल्याला नाही लागलं तरी शेजारणीला लागतं.

पावसासाठी मी छत्री नेत नाही. घाटात वारा असतो, आजूबाजूला माणसं दाटलेली, छत्रीच्या काड्या दुसऱ्याच्या डोळ्यात जातात. दोन मीटर मेणकापड घ्या. दिवसा डोक्यावरून खोळ, रात्री चटईखाली ओल अडवायला. पण एक लक्षात ठेवा, ही वाट दोन हवामानांची आहे. सासवड-जेजुरीपर्यंत पाऊस पाठीशी असतो. नीरा ओलांडून लोणंद, फलटणच्या पुढे पर्जन्यछायेचा मुलूख लागतो, आणि माळशिरसच्या बाजूला ऊन असं तापतं की आषाढ आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणून लोणंदच्या मुक्कामात पिशवी एकदा रिकामी करून पुन्हा भरा. मेणकापड तळाशी, पंचा आणि ओआरएस वर.

ट्रकच्या सामानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोन जोड कपडे, चटई, पांघरूण, ताट-वाटी आणि घट्ट बांधलेली एकच वळकटी, तिच्यावर ऑइलपेंटने नाव आणि दिंडी क्रमांक. रिकामी कापडी पिशवी घडी करून ठेवा, परतताना चुरमुरे, बत्तासे, कुंकू-बुक्का तिच्यात येतं.

नाव मात्र वळकटीवरच लिहून थांबू नका. लहान पिशव्यांवर, चष्म्याच्या घरावर, पेल्याच्या बुडाला, सगळीकडे लिहा. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. त्या शांततेत हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. एका वर्षी माझी रेक्झिनची पिशवी वाल्ह्याच्या वाटेवर पडली. संध्याकाळी पुकाऱ्यात तिचं वर्णन ऐकू आलं, आत चष्मा, पुस्तक आणि चारशे वीस रुपये. पिशवीवर माझं नाव, दिंडी क्रमांक आणि ‘रथामागे’ एवढं लिहिलेलं होतं. पैसे जसेच्या तसे होते. कोणी आणून दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही, मी त्या दिशेला हात जोडले.

निघायच्या आदल्या रात्री एवढं करा. सॅक पूर्ण भरून, पाण्याची बाटली लावून घरातला दिवा घालवा. मग घरातल्या कोणाला तरी एकेक नाव घ्यायला सांगा: टॉर्च, तापाची गोळी, वीस रुपये सुट्टे, चिकटपट्टी. जी वस्तू दहा मोजेपर्यंत हाताला लागली नाही तिची जागा बदला, आणि पुन्हा दिवा घालवा.