माहीत असणे आणि वाटणे: करोडपतीच्या खेळाची तयारी

‘कौन बनेगा करोडपती’ हा दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम जुलै 2000 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी त्यात पहिल्यांदा 1 कोटी रुपये जिंकले. ते तेव्हा प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करत होते. त्यामुळे या खेळाची तयारी म्हणजे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, असा समज मराठी घरांत पक्का बसला. पुढे 2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातील शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी तोच टप्पा गाठला, तेव्हा हा समज थोडा तरी ढळायला हवा होता. वाचन लागतेच, त्याला पर्याय नाही. परंतु हॉट सीटवरून, म्हणजे सूत्रसंचालकासमोरच्या स्पर्धकाच्या खुर्चीवरून, रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी बरेच जण माहितीच्या कमतरतेमुळे परतत नाहीत, तर जे केवळ वाटत होते ते माहीत असल्यासारखे लॉक, म्हणजे अंतिम उत्तर म्हणून पक्के, केल्यामुळे परततात. पुढील सर्व सूचना या एका भेदाभोवती फिरतात.

प्रथम प्रवेशाविषयी. हिंदी कार्यक्रमाच्या नोंदणीच्या काळात काही दिवस रोज रात्री दूरचित्रवाणीवर एक प्रश्न विचारला जातो आणि ठरावीक मुदतीत त्याचे उत्तर एसएमएसने किंवा वाहिनीच्या अ‍ॅपवरून पाठवायचे असते. हे प्रश्न सोपे असतात, कारण त्यांचा हेतू चाळणी लावण्याचा नसतो. बरोबर उत्तर देणाऱ्यांतून संगणक काही जणांची निवड करतो, म्हणून एकाच प्रश्नावर न थांबता नोंदणी सुरू असलेल्या प्रत्येक दिवशी उत्तर पाठवावे. सचिन खेडेकर, नागराज मंजुळे यांनी सूत्रसंचालन केलेल्या मराठी आवृत्तीसाठी स्वतंत्र नोंदणी असते. तिचे नियम आणि रकमा वेगळ्या असल्याने दोन्हींची सरमिसळ करू नये.

येथे एक इशारा देणे भाग आहे. तुमचा क्रमांक लॉटरीत निघाला असून 25 लाख रुपये लागले आहेत, ते मिळवण्यासाठी आधी कर किंवा प्रक्रिया शुल्क भरा, असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश या कार्यक्रमाच्या नावाने अनेक वर्षे फिरतो आहे. हा कार्यक्रम लॉटरी नाही आणि निवडीसाठी स्पर्धकाकडून पैसे घेतले जात नाहीत. पैशांची मागणी झाली की तो संवाद तेथेच संपवावा.

नोंदणीतून निवड झाल्यास दूरध्वनीवरून काही प्रश्न विचारले जातात, त्यानंतर सामान्यज्ञानाची चाचणी आणि मुलाखत होते. मुलाखतीकडे उमेदवार दुर्लक्ष करतात आणि तेथेच अडखळतात. निवड करणाऱ्यांना अशी व्यक्ती हवी असते, जी कॅमेऱ्यासमोर आपले काम, आपले गाव आणि या पैशांची गरज साध्या शब्दांत सांगू शकेल. हलाखीचे वर्णन रंगवण्याची आवश्यकता नाही. जिंकलेल्या रकमेचे काय करणार, या प्रश्नाला ‘समाजसेवा’ असे मोघम उत्तर देण्यापेक्षा ‘गावच्या घरावर पत्र्याऐवजी स्लॅब टाकायचा आहे’ हे उत्तर अधिक लक्षात राहते, आणि ते बहुधा अधिक खरेही असते.

आता अभ्यासाकडे वळू. प्रश्नोत्तरांची जाडजूड पुस्तके पाठ करण्याचा मार्ग मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण त्यात प्रश्नाच्या जोडीला एकच उत्तर डोक्यात राहते आणि उरलेले तीन पर्याय अनोळखी राहतात. सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नाचे चुकीचे पर्याय चुकीचे का आहेत, हेही सांगता आले पाहिजे. समजा, 1987 चा ज्ञानपीठ पुरस्कार कोणाला मिळाला असा प्रश्न आहे आणि पर्यायांत वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर व भालचंद्र नेमाडे आहेत. कुसुमाग्रज हे उत्तर देऊन पुढे गेलात तर एक प्रश्न सुटला. मात्र खांडेकरांचा पुरस्कार 1974 चा, करंदीकरांचा 2003 चा आणि नेमाडे यांचा 2014 चा, एवढे त्याच वेळी नोंदवले तर चार प्रश्नांची तयारी झाली, शिवाय कालानुक्रम लावण्याचा पाचवा प्रश्नही हाताशी आला.

अभ्यासाच्या वहीत आणखी एक रकाना असावा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर पाहण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नापुढे ‘पक्के’, ‘अर्धवट’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहावा. असे तीनशे प्रश्न झाले की प्रत्येक गटात किती उत्तरे बरोबर आली हे मोजावे. ‘पक्के’ म्हणून लिहिलेल्या शंभरांपैकी पंचाऐंशीच बरोबर निघाली, तर तुमच्या खात्रीला गळती आहे आणि ती कोणत्या विषयात आहे हेही वहीच सांगेल. अनेकांची पुराणकथांवर गाढ श्रद्धा असते, पण माहिती मालिकांतून आलेली असते. क्रिकेटच्या बाबतीत आठवण खरी असली तरी वर्ष चुकते. याउलट ‘अंदाज’ गटातील निम्मी उत्तरे बरोबर येत असतील, तर त्या विषयात तुम्ही स्वतःला उगाच कमी लेखत आहात. पहिला हिशेब बहुधा खजील करणारा निघतो, परंतु तो घरी झालेला बरा.

हॉट सीटच्या आधी ‘फास्टेस्ट फिंगर फर्स्ट’चा अडथळा असतो. त्यात चार पर्याय योग्य क्रमाने लावायचे असतात आणि सर्वांत कमी वेळात बरोबर क्रम देणारा पुढे जातो. काही पर्वांत एकाऐवजी तीन प्रश्नांची फेरीही झाली, म्हणून चालू पर्वाचे भाग पाहून स्वरूप आधी समजून घ्यावे. या फेरीत चारही पर्यायांची मनात संपूर्ण मांडणी करण्यात वेळ जातो. आधी दोन टोके शोधावीत, म्हणजे मधल्या दोघांची एकच तुलना उरते. उगमस्थानानुसार तापी, गोदावरी, भीमा व कृष्णा या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे लावायच्या असतील, तर मध्य प्रदेशातील मुलताई आणि महाबळेश्वर ही टोके लगेच सापडतात आणि मध्ये त्र्यंबकेश्वर व भीमाशंकर एवढाच प्रश्न राहतो. महाराष्ट्राचे पहिले चार मुख्यमंत्री लावताना यशवंतराव चव्हाण पहिले हे सर्वांनाच ठाऊक असते. घोळ होतो तो मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक यांच्या मध्ये 1963 मध्ये काही दिवस आलेल्या पी. के. सावंत यांच्यामुळे. घरातील कोणालाही रोज असे दहा क्रम कागदावर उलटसुलट लिहून द्यायला सांगावे आणि अ, ब, क, ड अशी चार बटणे असल्याची कल्पना करून बोटाने टेबलावर उत्तर द्यावे. बोटांना सवय नसेल तर क्रम ठाऊक असूनही चुकीचे बटण दाबले जाते.

हॉट सीटवरचा खेळ मात्र निराळा आहे, कारण तेथे प्रत्येक प्रश्नासोबत एक हिशेब जोडलेला असतो. हिंदी कार्यक्रमाच्या अनेक पर्वांत वापरली गेलेली रकमांची शिडी उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात 10,000 आणि 3,20,000 हे दोन सुरक्षित टप्पे होते, म्हणजे पुढे उत्तर चुकले तरी गाठलेल्या टप्प्याची रक्कम हातात राहत असे; दुसऱ्या टप्प्यावर 6,40,000, 12,50,000, 25 लाख, 50 लाख, 1 कोटी आणि शेवटी 7 कोटी अशा पायऱ्या होत्या. सुरक्षित टप्पा ओलांडल्यानंतरचा पहिला प्रश्न हा फुकटचा प्रश्न असतो. 3,20,000 हातात असताना 6,40,000 च्या प्रश्नाचे उत्तर चुकले तरी काहीच जात नाही, म्हणून त्या जागी हातातली रक्कम घेऊन खेळ सोडणे ही निव्वळ घबराट होय. काही सुचले नाही तरी उत्तर द्यावे.

त्याच्या पुढे चित्र बदलते. 6,40,000 हातात असताना 12,50,000 चा प्रश्न आला, तर बरोबर उत्तराने 6,10,000 वाढतात आणि चुकल्यास 3,20,000 कमी होतात. केवळ गणिताने पाहिले तर सुमारे 35 टक्के खात्री असली तरी उत्तर देणे फायद्याचे ठरते. 25 लाखांसाठी हीच मर्यादा 43 टक्क्यांच्या आसपास, 50 लाखांसाठी 47 आणि 1 कोटीसाठी 48 टक्क्यांच्या थोडी वर जाते. 7 कोटींच्या प्रश्नावर मात्र हे गणित गमतीशीर होते: तेथे 14 टक्के खात्री पुरेशी असल्याचे उत्तर निघते, म्हणजे डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडणेही ‘फायद्याचे’! असा सल्ला कोणी शहाणा माणूस देणार नाही, कारण सरासरी हा खेळ शेकडो वेळा खेळणाऱ्याच्या कामाची असते आणि आपण तो एकदाच खेळणार असतो. म्हणून कोणत्या रकमेने आपल्या घराची स्थिती खरोखर बदलते, हे कुटुंबासोबत बसून आधीच ठरवावे. त्या रकमेपर्यंत गणिताचे ऐकावे, आणि ती हातात आल्यावर वहीतल्या ‘पक्के’ या शब्दाखेरीज कशालाही लॉक करू नये. हा निर्णय दिव्यांच्या झोतात, समोर अमिताभ बच्चन बसलेले असताना प्रथमच घेण्यासारखा नाही.

लाइफलाइनचे, म्हणजे अडल्यावर घेता येणाऱ्या मदतीचे, प्रकार पर्वागणिक बदलतात, तरी काही गोष्टी टिकून राहतात. प्रेक्षकांचा कौल चित्रपट, क्रिकेट आणि रोजच्या व्यवहारातील प्रश्नांवर भरवशाचा असतो. वरच्या पायऱ्यांवर तो विस्कळीत होतो, म्हणून तो लवकर वापरावा. मित्राला फोन करण्यासाठी सर्वांत हुशार मित्र न निवडता तुमच्या वहीतील गळती जेथे आहे त्या विषयांचे जाणकार निवडावेत आणि प्रश्न व चारही पर्याय घड्याळ लावून वाचून दाखवण्याचा सराव त्यांच्यासोबत करावा. उत्तराबरोबर किती टक्के खात्री आहे हे सांगण्याची सवय त्यांनाही लावावी. फिफ्टी-फिफ्टीत दोन चुकीचे पर्याय काढून टाकले जातात. तिच्याविषयी असा एक गैरसमज आहे की, दोन पर्यायांत अडकलो असताना ती वापरू नये, कारण नेमके तेच दोन उरतील. पर्याय खरोखर कोणताही कल न ठेवता काढले जात असतील, तर तसे होण्याची शक्यता तीनांत एक आहे आणि उरलेल्या दोन वेळा उत्तर स्वच्छ समोर येते. अट एवढीच की तुमच्या त्या दोन पर्यायांत बरोबर उत्तर असल्याचे तुम्हाला माहीत असावे, नुसते वाटत नसावे.

गेल्या काही पर्वांत पहिल्या पाच प्रश्नांना 45 सेकंद, पुढच्या पाचांना 60 सेकंद आणि त्यानंतर अमर्याद वेळ अशी पद्धत होती. वेळेचे बंधन सुटल्यावर मोठ्याने विचार करावा, कारण ऐकू आलेला तर्क तपासता येतो. प्रश्नातील ‘नाही’, ‘पहिली महिला’, ‘स्वातंत्र्यानंतर’ अशा शब्दांवर थांबून मगच पर्यायांकडे जावे.

चित्रीकरणाचा दिवस लांबलचक असतो आणि बसून राहण्यातच बराच जातो. पोटभर न्याहारी करावी, वातानुकूलित दालनात थंडी वाजते म्हणून शाल किंवा स्वेटर जवळ ठेवावा, आणि बारीक चौकटींचे कपडे कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसतात म्हणून एकरंगी कपडे घ्यावेत. करारातील अटी, विशेषतः प्रक्षेपणापूर्वी निकाल न सांगण्याची अट, सही करण्याआधी नीट वाचावी.

जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के प्राप्तिकर लागतो आणि तो कापूनच रक्कम हातात पडते. त्यावर 4 टक्के उपकर येतो आणि एकूण उत्पन्न 50 लाखांच्या वर गेल्यास अधिभारही लागतो. 12,50,000 रुपये जिंकल्यास 3,75,000 कर आणि 15,000 उपकर धरून 8,60,000 उरतात. वार्षिक करमुक्त मर्यादेचा किंवा गुंतवणुकीवरील वजावटीचा लाभ या रकमेला मिळत नाही. पॅन आणि बँक खात्यावरील नाव सारखे आहे ना, हे मुंबईला निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे, आणि नातेवाइकांना काही कबूल करायचे असेल तर ते 8,60,000 मधून करावे, 12,50,000 मधून नव्हे.