आमवातासाठी टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू होणार असेल तर आधी आणि नंतर काय काय करायचं

ज्यांच्या घरी कुणाला आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी भागत नाहीये आणि डॉक्टर म्हणालेत की आता बायोलॉजिक, म्हणजे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करू, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. पण आईचं सगळं मीच बघते आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या, तुम्हाला आधी कळाव्यात एवढंच.

पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. ज्या बाईने आयुष्यभर थिनिंगची कात्री चालवली तिला एका जानेवारीत चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला. बोटांची पेरं सुजून चकचकीत झालेली, सकाळी उठल्यावर मूठ वळायला दीड तास लागायचा, बांगड्या तर मनगटावरून उतरेनातच, शेवटी कासाराकडून कापून घेतल्या. त्या आठवड्यात निफाडचा पारा रोज पेपरात येत होता, सगळे म्हणाले थंडीचा वात आहे, शेक द्या. थंडीने दुखणं वाढतं हे खरंय पण हा आजार थंडीने होत नाही.

आधी हे इंजेक्शन नेमकं कशाला अडवतं ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या टेस्ट आणि सगळी पथ्यं त्यातूनच निघतात. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला सांगावा. टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, हा त्यातला सगळ्यात घाईचा सांगावा. बागेत तारेचा ओरखडा बसला, जंतू आत गेले, की तिथे पहाऱ्याला असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ सोडतात, ते जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना जाऊन लागतं, त्यांचं आतलं अस्तर चिकट होतं, मग रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि भिंतीतून वाट काढून जखमेकडे जातात. वाहिन्या सैल होतात म्हणून पाणी झिरपतं आणि सूज येते, रक्त जास्त येतं म्हणून जागा लाल आणि गरम. टीएनएफ रक्तात पसरलं की मेंदू अंगाचं तापमान वाढवतो, तोच आपला ताप. त्याच्या जोडीला आयएल-६ नावाचं दुसरं सायटोकाइन लिव्हरला कामाला लावतं आणि लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन बनवतं. म्हणजे आपण ज्या सीआरपीच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसतो तो खरं तर लिव्हरने त्या सांगाव्याला दिलेला जबाब आहे.

आमवातात काय होतं, ना काटा ना जंतू, तरी सांगावा चालूच राहतो. सांध्याचं आतलं अस्तर फुगतं, हाड कुरतडणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि हाडाच्या कडा झिजायला लागतात. हे झिजलेलं परत भरून येत नाही, म्हणून डॉक्टर घाई करतात, आणि ती घाई बरोबर असते.

हे नाव पडलं १९७५ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या टीमने उंदरांच्या रक्तात असं काहीतरी शोधलं ज्याने कॅन्सरच्या गाठी मरत होत्या, म्हणून ट्यूमर नेक्रोसिस. दुसरीकडे काही जण आजारपणात अंग वाळवणाऱ्या कॅकेक्टिन नावाच्या प्रोटीनच्या मागे होते, १९८५ मध्ये कळलं की दोन्ही एकच. आपण टीबीला क्षय म्हणतो, क्षय म्हणजे झिजणं, आणि त्या झिजण्यात टीएनएफचाही हात असतो. सांध्यातलं टीएनएफ अडवून बघू ही कल्पना लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी तडीस नेली. मैनी मूळचे लुधियानाचे. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात पहिल्या वीस पेशंटना ते अँटिबॉडीचं औषध दिलं आणि काही आठवड्यांत सूज उतरली. २००३ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

आता मुख्य मुद्दा. टीबीचा जंतू फुप्फुसात गेला की बहुतेकांच्या शरीरात तो मरत नाही, पेशी त्याच्याभोवती कोंडाळं करून त्याला डांबून ठेवतात, डॉक्टर त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. माणूस ठणठणीत असतो, खोकला नाही काही नाही. आपल्या देशात मोठ्या माणसांत साधारण तीनात एकाच्या अंगात असा झोपलेला टीबी असतो. आणि ते कोंडाळं टिकवून ठेवायचं काम टीएनएफ करतं. म्हणजे इंजेक्शनने आपण सांध्यातली आग विझवतो, पण त्याच वेळी टीबीवरचा पहारेकरीही घरी पाठवतो. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं औषध घेतलेल्या, वेगवेगळ्या देशांतल्या पेशंटमधल्या टीबीच्या ७० केसेस २००१ मध्ये अमेरिकेत एकत्र मांडल्या गेल्या, निम्म्या लोकांना पहिल्या १२ आठवड्यांतच टीबी झाला होता आणि ७० पैकी ४० जणांना फुप्फुसाबाहेर, म्हणजे गाठीत, पोटात, कुठेही. त्यानंतर सगळीकडे आधी टीबी तपासा मगच औषध हा नियम झाला.

म्हणून टेस्ट. छातीचा एक्स-रे, मँटू, आणि जमलं तर इग्रा नावाची रक्ताची टेस्ट. स्टेरॉइड चालू असेल तर मँटू आणि इग्रा दोन्ही चुकीच्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे काय काय गोळ्या चालू आहेत ते आधी सांगा. मँटूवर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तिथेच आमची फसगत होणार होती. हाताच्या आतल्या बाजूला टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी बघतात, त्यामुळे गुरुवारी टोचून घेऊ नका, लॅबला रविवारची सुट्टी निघाली तर तुमचा एकच दिवस हातात राहतो, सोमवार-मंगळवार बरा. आणि मोजायची असते ती लाली नाही, हाताला लागणारी घट्ट सूज. आमच्या इथल्या एका लॅबमधल्या माणसाने आईचा हात लांबूनच बघितला, आईचा रंग सावळा, लाली काही दिसली नाही, निगेटिव्ह लिहून मोकळा झाला. आम्ही त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो म्हणून बरं. त्यांनी साधं बॉलपेन घेतलं, सुजेच्या बाहेरून आत कातडीवर हळूहळू रेघ ओढत आणली, पेन जिथे अडलं तिथे थांबले, मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणि दोन रेघांच्या मधलं अंतर पट्टीने मोजलं. ९ मिलिमीटर. अशी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणार असलेल्यांना ५ किंवा त्याहून जास्त आलं की पॉझिटिव्ह धरतात. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, रिपोर्टवर मिलिमीटरचा आकडा लिहून घ्या, नुसतं निगेटिव्ह घेऊन घरी येऊ नका.

मँटू बीसीजीच्या लसीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून आईची इग्राही केली. तीही पॉझिटिव्ह. घाबरायचं काही नसतं, झोपलेला टीबी म्हणजे आजार नाही आणि तो दुसऱ्याला लागत नाही. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम यातलं काही नाही ना हे विचारतात, एक्स-रे स्वच्छ आहे ना बघतात, आणि मग टीबी होऊ नये म्हणून गोळ्या देतात. आईला आयसोनियाझिड सहा महिने, सोबत बी-६ची गोळी म्हणजे पायाला मुंग्या येत नाहीत. बारा आठवडे आठवड्यातून एकदा घ्यायचा दुसरा कोर्सही आहे, कोणता द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. गोळ्यांचा निदान एक महिना झाल्यावर इंजेक्शन सुरू करतात. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही लिव्हरवरून जातात, तेव्हा लिव्हरच्या टेस्ट चुकवू नका आणि घरात कुणी दारू घेणारा पेशंट असेल तर स्पष्ट सांगा, लाजू नका. टीबीची औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

मेथोट्रेक्सेटवरून आठवलं, ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.

बाकीचं पटकन सांगते. कावीळ बी आणि सीची टेस्ट, कारण जुनी बी कावीळ या औषधाने परत उठू शकते. हार्ट फेल्युअर, आधी झालेला कॅन्सर, मज्जातंतूंचा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार, यातलं काही असेल तर आधीच सांगायचं. फ्लू आणि न्यूमोनियाची लस सुरू करायच्या आधी घेतलेली चांगली, आणि एकदा इंजेक्शन चालू झालं की जिवंत जंतूच्या लसी घ्यायच्या नाहीत, म्हणजे गोवर, कांजण्यांसारख्या.

खर्चाचं म्हणाल तर अडॅलिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या इंजेक्शनची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती, आपल्याकडे मिळते, जगातली पहिली अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये आणली, आता इतरही कंपन्यांची आहे. कोणतीही घ्या पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून कंपनी बदलू नका आणि प्रत्येक वेळी नाव आणि बॅच नंबर वहीत लिहा.

आता ठेवायचं कसं. २ ते ८ डिग्री, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नाही, तिथे उघडझाप होते. मागच्या भिंतीला टेकवून नाही, तिथे गोठतं, आणि एकदा गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नाही, टाकून द्यायचं. नाशिकहून पिंपळगावला एप्रिल-मेमध्ये नेताना मी थर्मासच्या डब्यात खाली बर्फाची पिशवी, वर जाड टॉवेल, त्यावर खोक्यासकट इंजेक्शन असं नेते, बर्फाला ते थेट लागू देत नाही, आणि डबा गाडीच्या डिकीत नाही तर मांडीवर. गावाकडे लाइट गेली की फ्रिज उघडायचाच नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय.

टोचायच्या आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा, गार टोचलं की जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, हलवायचं नाही. औषध स्वच्छ पाण्यासारखं दिसलं पाहिजे, गढूळ किंवा कण दिसले तर वापरू नका. मांडीवर किंवा पोटावर, बेंबीपासून चार बोटं लांब, दर वेळी जागा बदलून. कातडी चिमटीत धरायची, टोचून झाल्यावर चोळायचं नाही. सुई घरच्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवाल्याच्या हाताला लागते, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत द्या.

अडॅलिमुमॅब दर १४ दिवसांनी असतं. आई आधी एकादशीला धरायची, लक्षात राहायला सोपं म्हणून, पण दोन एकादश्यांमधलं अंतर कधी १४ कधी १५-१६ दिवस, तारखा सरकायला लागल्या. आता एक बुधवार सोडून एक बुधवार, गोदाकाठचा बाजार असतो तो वार, ती कधीच विसरत नाही. चुकलाच एखादा डोस तर आठवल्याबरोबर घ्यायचा आणि पुढचा ठरलेल्या बुधवारीच. दोन एकदम घ्यायचे नाहीत.

ताप आला असेल तर मात्र त्या बुधवारी घ्यायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. ताप, खोकला, लघवीला जळजळ, पायावरची चिघळलेली जखम, काहीही असो, आधी डॉक्टरांना फोन आणि ते हो म्हणतील तेव्हाच इंजेक्शन. क्रोसिन घेऊन ताप उतरवून टोचायचं असं करू नका, कारण टीएनएफ अडवलेलं असताना ताप कमीच येतो, आतलं इन्फेक्शन त्याहून मोठं असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा मानेला गाठ आली तर आधी टेस्ट निगेटिव्ह होती म्हणून गप्प बसायचं नाही. ज्यांना टीएनएफऐवजी आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब चालू आहे त्यांनी तर सीआरपीवर विसंबूच नये, तो सांगावाच लिव्हरपर्यंत पोचत नाही त्यामुळे इन्फेक्शन असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतं.

आणि कच्चं दूध बंद. आमच्याकडे धार काढली की तिथेच पेलाभर प्यायची सवय, आईची तर लहानपणापासूनची. लिस्टेरियासारखे जंतू असतात त्यात, ज्यांना अडवायलाही हेच टीएनएफ लागतं. आईला हे पटायला वेळ लागला, आता ती गोठ्यातून दूध आणते, आधी पातेल्यात उकळी आणते, गार होऊ देते, मगच पिते.

फरक काही लोकांना दोन आठवड्यांत जाणवतो पण डॉक्टर साधारण तीन महिने थांबून ठरवतात, मधेच औषध काम करत नाही म्हणून सोडू नका. वहीत रोज सकाळी मूठ वळायला किती मिनिटं लागली तेवढं लिहा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आईच्या वहीत पहिल्या पानावर ९० आहे, मग ८५, ९०, ७०, आणि सहाव्या इंजेक्शननंतरच्या पानावर १५, त्याच्यापुढे तिच्याच अक्षरात लिहिलंय, आज भाकरी थापली, तीन.