बागेत आपोआप उगवलेलं झाड साल्व्हिया आहे का? फूल येईपर्यंत उपटू नका

दिवाळी झाली, पाऊस गेला की परसबागेत, शेवंतीच्या वाफ्यात, नर्सरीच्या पिशव्यांमधे न लावलेली रोपं फूट-दीड फूट झालेली दिसतात आणि त्यातलं एखादं तुळशीसारखं दिसतं पण तुळस नसतं. बऱ्याचदा ते साल्व्हिया असू शकतं, म्हणजे सेज. गेल्या हंगामातल्या फुलझाडाचं बी पडलेलं असतं, कंपोस्टमधून आलेलं असतं, नाहीतर चियाचा डबा विसळून ते पाणी कुंडीत ओतलेलं असतं (हो, चिया पण साल्व्हियाच). आता खुरपणी सुरू आहे म्हणून आधीच सांगतो, एखाद-दोन रोपं फूल येईपर्यंत ठेवा आणि तोवर पान तोंडात घालू नका, चहात तर नाहीच नाही.

आधी खोड बोटांत फिरवून बघा. चौकोनी लागलं, पानं समोरासमोर आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला आडवी असेल तर तुळशीच्या कुळातलं असण्याची शक्यता भरपूर. पण एवढ्यावर साल्व्हिया ठरत नाही, कारण तुळस, सब्जा, रानतुळस, दीपमाळ, तुंबा सगळ्यांचं असंच असतं. वासावर तर अजिबात जाऊ नका, रानतुळशीला इतका उग्र वास की लांबून येतो आणि बागेतल्या लाल साल्व्हियाच्या पानाला जवळपास वासच नसतो.

खरी खूण फुलात आहे. सकाळी ताजं उमललेलं फूल घ्या, ब्लेडने उभं चिरा आणि पराग असलेले पुंकेसर मोजा. साल्व्हियात ते दोनच असतात, वरच्या ओठाखाली (या फुलाच्या पाकळ्या वर-खाली अशा दोन ओठांसारख्या असतात). तुळस, सब्जा, रानतुळस यांच्यात चार असतात आणि खालच्या ओठाकडे झुकलेले असतात, दीपमाळ आणि तुंब्यातही चारच पण वरच्या ओठाखाली. म्हणजे दोन का चार हे नीट बघितलं की निम्म्याहून जास्त घोळ तिथेच मिटतो, भिंग असेल तर उत्तम, मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालतं. निळ्या फुलांच्या बऱ्याच जातींत अजून एक गंमत बघायला मिळते, गवताची बारीक काडी फुलाच्या घशात हळूच सारा, आतला पुंकेसर तरफेसारखा फिरतो आणि परागाच्या पिशव्या खाली येऊन काडीला टेकतात. मधमाशी आत शिरली की पराग तिच्या पाठीवर असाच लागतो. मुलांना हे जरूर दाखवा.

साल्व्हिया ठरलं की मग कुठलं. जगात याच्या 900 च्या वर जाती आहेत, 2017 पासून तर रोझमेरीसुद्धा यातच धरतात, पण आपल्याकडच्या बागेत सापडणारी मोजकीच. फूल लाल, त्याखालचा कपही (पाकळ्यांना बुडाशी धरणारी वाटी) लाल आणि तुरा गच्च भरलेला असेल तर नर्सरीत हिवाळ्यात मिळतं ते ब्राझीलचं स्प्लेंडेन्स. फूल लाल पण कप हिरवट किंवा जांभळट, तुरा विरळ आणि पुंकेसर फुलाबाहेर आलेले असतील तर कॉक्सिनिया, हे आपणहून खूप उगवतं आणि यावर शिंजीर पक्षी हमखास येतात. निळी फुलं, अरुंद पानं, कपावर पांढरी भुकटी असल्यासारखी लव, ते फॅरिनेशिया. मखमली जांभळ्या कपातून पांढरं फूल डोकावत असेल तर ल्युकँथा. आणि पावसाळ्यात नुसतंच वाढत गेलेलं, छातीएवढं उंच, रुंद दातेरी पानांचं झाड दिवस लहान झाल्यावर आत्ता कुठे निळसर तुरे काढत असेल तर चियाचा संशय घ्या, बी पिकू द्या, ते गुळगुळीत चमकदार आणि करड्यावर ठिपके-रेघा असलेलं निघतं, सब्जाचं बी एकसारखं मंद काळं असतं. पाण्यात फुगतं म्हणून चिया असं मात्र ठरवू नका, सब्जा फुगतो आणि रानतुळशीचं बी पण फुगतं.

स्वयंपाकात वापरतात तो सेज असेल का, असं बरेच जण आशेने विचारतात. तो भूमध्य समुद्राकडचा, पानं राखाडी-हिरवी, जाडसर, खडबडीत. कोकणातल्या पावसात त्याची मुळं सडतात, त्यामुळे न लावता तो तुमच्या वाफ्यात येईल हे जवळपास अशक्यच.

घाणेरी मात्र रोप लहान असतानाच ओळखा. तिचंही खोड चौकोनी, पानं समोरासमोर, पण खोडावर बारीक काटे असतात, पान खरखरीत आणि फुलांचा झुपका रंगीबेरंगी, त्यात वर-खाली असे दोन ठळक ओठ दिसत नाहीत. जनावरांनी पाला खाल्ला तर कावीळ होते, उन्हाने कातडी सोलते. गोठ्याजवळ दिसली तर फुलाची वाट बघू नका, मुळासकट काढा.

ठेवलेलं रोप टोमॅटो-मिरचीपासून लांब कुंडीत हलवा आणि पानाची मागची बाजू बघत रहा, पांढरी माशी साल्व्हियावर पटकन बसते. दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, पण तो संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर.

तरीही ओळख पटली नाही तर फुलासकट वीतभर-दीड वीत फांदी रद्दी पेपरात दाबून वाळवा, सुरुवातीला पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी येते. ताज्या फुलाचा रंग, झाडाची उंची, जागा, तारीख लगेच लिहून ठेवा कारण वाळल्यावर निळा रंग पार जातो. फोटो काढाल तर एकूण झाड, खोड, पानाच्या दोन्ही बाजू, आणि फूल बाजूने, कपासकट. नुसता वरून काढलेला फोटो बघून कोणी ओळख सांगू शकत नाही. हे घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, इथे जुने वाळवलेले नमुने आहेत.

आणि कॉक्सिनिया निघालं, पण सगळ्या बागेत पसरायला नको असेल तर कप तपकिरी व्हायच्या आत तुरे कापून घ्या, एकेका कपात चार-चार बिया धरतात.