नागपुरात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या छोट्या पार्टीला जाताना

नागपुरात डीजे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात किंवा विसर्जनाची मिरवणूक उभी राहते. येथे ज्या पार्टीविषयी लिहायचे आहे ती पुष्कळ वेगळी असते. पन्नास ते शंभर माणसे, एखाद्या कॅफेची वरची खोली, भाड्याने घेतलेला हॉल किंवा शहराबाहेरचे फार्महाऊस, दोन-तीन डीजे आणि काही तास अखंड चालणारे हाऊस किंवा टेक्नो या प्रकारांचे नाचाचे संगीत, एवढाच तिचा पसारा असतो. ओळखीचे एकही गाणे तेथे वाजत नाही. पुण्या-मुंबईत अशा पार्ट्या नेमाने होतात. आपल्याकडे त्या मोजक्याच होतात आणि त्या भरवणारी तरुण मंडळी बहुधा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, पदरचे पैसे घालून हे करत असतात. त्यामुळे तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाच्या वागण्यावर पुढची पार्टी होईल की नाही हे ठरते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ही गोष्ट मनाशी धरूनच निघावे.

पार्टीचा पत्ता आणि तिची पारख

अशा पार्टीची जाहिरात चौकात लागत नाही. इन्स्टाग्रामवर शहरातल्या डीजेंची खाती शोधून त्यांना फॉलो करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. एक-दोन कार्यक्रमांना गेल्यावर कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जोडून घेते आणि मग पुढच्या तारखा आपोआप कळू लागतात. नेमके ठिकाण पुष्कळदा त्याच दिवशी, पैसे भरलेल्यांनाच कळवले जाते. यात वावगे काही नाही, कारण जागा लहान असते आणि वाट चुकून आलेली गर्दी आवरणे दोन-चार आयोजकांना शक्य नसते.

मात्र ठिकाण गुप्त आहे म्हणून सर्वच गुप्त असावे असे नाही. पैसे पाठवण्यापूर्वी आयोजक कोण, वाजवणार कोण, किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपणार, हे विचारावे. चांगला आयोजक ही उत्तरे न कुरकुरता देतो. पोस्टरवर कलाकारांची नावे बारीक आणि दारूचे पॅकेज ठळक असेल, किंवा चौकशी स्टॅग (एकटा पुरुष) आणि कपलच्या दरांपलीकडे जातच नसेल, तर तेथे संगीताची काळजी कोणी घेतलेली नाही असे समजावे आणि दुसऱ्या तारखेची वाट पाहावी.

परवानगीचा प्रश्नही मोकळेपणाने विचारावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहाला यात सवलत आहे, परंतु निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलच आहे. म्हणून फार्महाऊसच्या हिरवळीवर पहाटेपर्यंत पार्टी चालेल असे कोणी सांगत असेल, तर ती मध्येच बंद पडण्याची शक्यता गृहीत धरावी. दारू दिली जाणार असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाच्या काळात शहरात पोलिसांचा बंदोबस्त मोठा असतो, तेव्हा तर या बाबी आणखी काटेकोरपणे पाहाव्यात. कागदपत्रे पुरी करून, दार-खिडक्या बंद ठेवून, ठरल्या वेळी संपणारी पार्टी मला नेहमीच अधिक सुखाची वाटत आली आहे, कारण तेथे कोणाचेही लक्ष दाराकडे लागलेले नसते.

निघण्यापूर्वी

संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास हलके जेवावे. सावजीचे जेवण करून चार तास नाचता येत नाही. वरण-भात किंवा पोळी-भाजी बरी. कपडे सुती व सैल, पायांत मऊ तळव्याचे बंद बूट. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद हॉलच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात, तेव्हा एक जादा टी-शर्ट आणि छोटा टॉवेल सोबत घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत गोष्ट उलटी असते. आत घाम फुटलेला असतो आणि बाहेर पडताच अंगात थंडी भरते, म्हणून स्वेटर किंवा शाल गाडीत न ठेवता बॅगेतच ठेवावी. वयाचा दाखला देणारे ओळखपत्र, थोडी रोख रक्कम आणि पूर्ण चार्ज केलेला फोन यांपलीकडे फारसे काही लागत नाही. अपवाद एकच, आणि तो मी कोणालाही सोडू देणार नाही: कानांत घालायचे इअरप्लग.

त्याचे कारण आकड्यांत सांगता येते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे कामगारांच्या आरोग्याचे निकष मानतात आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. नाचण्याच्या जागी आवाज सहज १०० च्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी १०० डेसिबल हीच सरासरीची कमाल मर्यादा सुचवली आणि श्रोत्यांसाठी इअरप्लग व शांत बसण्याची जागा असावी असेही सांगितले. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे साधे इअरप्लग पुरेसे काम करतात. ते बोटांनी दाबून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत. नुसते टोकाशी अडकवले तर उपयोग होत नाही, आणि कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. सवय झाल्यावर संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घ्यावेत. त्यांत उंच आणि खालचे सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी होतात, त्यामुळे झांजेचा कणीदारपणा मरत नाही.

लवकर पोहोचा आणि ऐका

नऊची वेळ दिली असेल तर साडेअकराला पोहोचण्यात प्रतिष्ठा आहे असा आपल्याकडे समज आहे. या पार्टीत तो टाकून द्यावा. पहिला डीजे जो वॉर्म-अप सेट वाजवतो तो मोकळ्या जागेसाठी, कमी आवाजात, संथ गतीने रचलेला असतो आणि रात्रीची सर्व बांधणी त्यावर उभी असते. शिवाय त्या तासात जागा नीट पाहून घेता येते: बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे, पाणी कोठे मिळते, स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे. तळघर असेल आणि बाहेर पडायला एकच जिना असेल, तर मी आत थांबत नाही.

हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळे एकसारखेच वाटते, कारण तो गाण्याची वाट पाहत असतो. वाट पाहणे सोडून खालचा ठोका धरावा. हाऊसमध्ये तो मिनिटाला साधारण १२० ते १३०, टेक्नोमध्ये १२५ ते १४० किंवा त्याहून जास्त, आणि ड्रम अँड बेसमध्ये १७० च्या आसपास असतो. हाऊस आणि टेक्नोत चारही ठोके सारखे पडतात. ते सोळा मोजत जावेत. तीनतालात समेवर येताना जसे कळते, तसे सोळा किंवा बत्तीस ठोक्यांच्या शेवटी काहीतरी बदलणार हे थोड्याच वेळात आपोआप कळू लागते. कधी एक झांज वाढते, कधी टाळी निघून जाते.

त्यानंतर डीजेच्या हातांकडे पाहावे. एका कानाला हेडफोन लावून तो पुढची ट्रॅक ऐकत असतो, तिची गती वाजत असलेल्या ट्रॅकशी जुळवतो, मग मिक्सरवरची बेसची खुंटी डावीकडे फिरवून चालू ट्रॅकचा खर्ज काढून घेतो आणि नेमक्या सोळाव्या ठोक्यानंतर नव्या ट्रॅकचा खर्ज सोडतो. दोन खर्ज एकत्र वाजले तर चिखल होतो, म्हणून ही देवाणघेवाण क्षणात व्हावी लागते. ती साधली की पुढच्या रांगेतले लोक बोलायचे थांबतात आणि जमीन पायांखालून ढकलल्यासारखी वाटते. ज्याला हे एकदा ऐकू आले त्याला पुढे कोणी काही समजावून द्यावे लागत नाही.

आवाज सर्वांत चांगला कोठे येतो हेही फिरून पाहावे. दोन स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, खोलीच्या मध्याच्या थोडे मागे, तो बहुधा समतोल असतो. कोपऱ्यात खर्ज साचतो. स्पीकरला चिकटून उभे राहणे इअरप्लग असतानाही टाळावे.

या संगीताचा इतिहास थोडा ठाऊक असावा, कारण तेथील शिष्टाचार त्यातूनच आले आहेत. हाऊस शिकागोतल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबभोवती घडले. तो १९७७ साली सुरू झाला, तेथे फ्रँकी नकल्स वाजवत असत आणि नाचायला येणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुणांचा भरणा होता, ज्यांना इतरत्र मोकळेपणाने नाचता येत नव्हते. टेक्नोचा पाया डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी घातला. हे संगीत ज्या यंत्रांवर घडले त्यांवर आपल्याकडेही फार लवकर काम झाले: मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेस सिंथेसायझर) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) या यंत्रांवर रागांवर आधारित तबकडी केली, जिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही आणि जी २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर ऐकली गेली. त्यामुळे हे सर्व परके आहे असे वाटून घेण्याचे कारण नाही.

नाचताना पाळायच्या गोष्टी

डीजेकडे फर्माईश करू नये. त्याच्या टेबलावर पेला ठेवू नये. एक सांडलेले सरबत लाखांच्या यंत्राचे वाटोळे करते. फोन खिशात ठेवावा. काही ठिकाणी दारातच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते काढू नये, कारण नागपूर लहान आहे आणि नाचणाऱ्या मुलीचा व्हिडिओ रात्रीतून तिच्या काकांपर्यंत पोहोचतो. गप्पा मारायच्या असतील तर मागे किंवा बाहेर जावे. बाहेरही हळू बोलावे. शेजाऱ्यांची तक्रार आतल्या संगीतापेक्षा बाहेरच्या हसण्या-खिदळण्यावर आणि गाड्यांच्या हॉर्नवर जास्त वेळा येते.

नाचता येत नाही ही अडचण समजू नये. येथे कोणी पाहत नसते, बहुतेकांचे तोंड डीजेकडे असते आणि दोन्ही पायांवर आलटून-पालटून भार टाकत राहिले तरी ते नाचणेच आहे. मात्र अनोळखी व्यक्तीच्या अंगचटीला जाऊन नाचणे, मागून कमरेला हात लावणे, ‘नाही’ म्हटल्यावरही घुटमळत राहणे, यांना अजिबात क्षमा नाही. असे दिसले तर आपण स्वतः त्या व्यक्तीला ‘सगळे ठीक आहे ना’ असे विचारावे आणि लगेच आयोजकाला सांगावे. मुली निर्धास्तपणे येऊन निर्धास्तपणे परत जातात की नाही, हीच माझ्या मते पार्टीची खरी परीक्षा आहे.

झगमगणाऱ्या स्ट्रोब दिव्यांमुळे काहींना फेफरे येऊ शकते. तसा त्रास असेल तर आयोजकाला आधीच विचारून घ्यावे.

पिणे, पाणी आणि तब्येत

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय पिण्याचा परवाना लागतो. वर्धा रोडवर बुटीबोरीच्या पुढे पार्टी असेल तर हद्द पाहून घ्यावी, कारण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आपला पेला नजरेआड करू नये आणि अनोळखी माणसाने आणून दिलेले पेय घेऊ नये. न पिणाऱ्याला आग्रह करणे तर अगदीच गैर आहे. हे संगीत शुद्धीत अधिक बारकाव्यांनी ऐकू येते.

अमली पदार्थांपासून दूर राहावे. १९८५ च्या कायद्याने बाळगणे आणि सेवन दोन्ही गुन्हा आहेत, आणि गोळीत नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तरीही कोणी काही घेतले आणि त्याचे अंग तापले, तो असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर भीतीपोटी वेळ घालवू नये. त्याला गार हवेत न्यावे, कुशीवर झोपवावे, अंगावर ओले कापड ठेवावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना काय घेतले ते खरे सांगावे. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत रात्रभर तातडीची सेवा असते.

सर्वांसाठीच, दर तासाला दहा मिनिटे बाहेर येऊन बसावे आणि घोट-घोट पाणी प्यावे. उन्हाळ्यात त्यात मीठ-साखर-लिंबू असावे. नुसते पाणी भराभर पिण्याने रक्तातले मीठ उतरते आणि तेही धोक्याचे असते.

परतताना

परतीची सोय निघण्यापूर्वीच झालेली असावी. मेट्रो मध्यरात्रीपूर्वीच बंद होते. काटोल रोड किंवा हिंगण्याच्या पलीकडच्या फार्महाऊसवर रात्री दोन वाजता कॅब मिळेल या भरवशावर राहू नये. चौघांनी मिळून येताना-जाताना एकच गाडी ठरवावी, किंवा चालवणाऱ्याने त्या रात्री थेंबही घेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्रीच्या रिकाम्या रिंग रोडवरचे ट्रक हा याहून मोठा धोका आहे. एकट्या मैत्रिणीला घरी पोहोचल्याचा निरोप पाठवायला सांगावे आणि तो येईपर्यंत जागे राहावे. अडचण आली तर ११२.

घरी आल्यावर कानांत बारीक शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी हेडफोन लावू नयेत आणि कानांना पूर्ण विश्रांती द्यावी. ती बहुधा एक-दोन दिवसांत थांबते. तिसऱ्या दिवशीही राहिली किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर पुढच्या पार्टीची तारीख विसरून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे, कारण अचानक गेलेल्या श्रवणावर उपचार जितके लवकर सुरू होतात तितका फरक पडतो.