जूनच्या प्रशिक्षणाआधी उरकून ठेवायची कामं

शिक्षक हजर झालेले असतात आणि वर्ग अजून भरलेले नसतात, असे जूनमध्ये दोन-चार दिवस मिळतात. मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण तेव्हाच उरकावं. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोघांनाही वर्षातून किमान दोनदा द्यायचं आहे. म्हणून दुसरी तारीखही आत्ताच धरा. दिवाळीची सुट्टी संपल्यासंपल्या बरी. जानेवारीवर ढकलली की सराव परीक्षा आणि प्रॅक्टिकलच्या धबडग्यात ती हमखास उडते.

बोलवायच्या माणसांची यादी मस्टरवरून करू नका. व्हॅनवाले काका, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, स्वच्छतागृहाकडच्या मावशी यांची नावं मस्टरवर नसतात, पण मुलं त्यांच्या नजरेखालून रोज जातात. एकच मुलगी रोज मधली सुट्टी बाथरूममध्ये काढते, हे वर्गशिक्षिकेच्या आधी मावशींना कळतं. त्यांना चहा वाटायला बोलावू नका, गटात बसवा. कुणाचा रोज बुडणार असेल तर त्याची तरतूद आधी करा.

तज्ज्ञ मिळत नाही, ही तक्रार नेहमीची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकासाठी जिल्हा रुग्णालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र महिनाभर आधी द्या आणि पाठपुरावा करा. पत्रात नेमकं लिहा: धोक्याच्या खुणा ओळखणं, मानसिक प्रथमोपचार, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाशी कसं वागायचं, पुढे कुणाकडे पाठवायचं. नुसतं ‘मार्गदर्शन करावे’ असं लिहिलंत तर तणावमुक्त जीवनावर दोन तासांचं व्याख्यान पदरात पडेल आणि शेवटी शाल-श्रीफळ.

सगळ्यात जास्त वेळ एका पानावर घालवा. मूल काही बोललं तर ऐकणाऱ्याने त्याच दिवशी कुणाला सांगायचं, ती व्यक्ती रजेवर असेल तर कुणाला, पालकांना फोन कोण करणार, रुग्णालयात सोबत कोण जाणार, हे सगळं नावानिशी लिहा. ‘संबंधितांनी लक्ष घालावे’ या वाक्याला इथे जागा नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर पात्र समुपदेशक नेमायचा आहे; त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे आकडे पानावर ठळक हवेत. प्रशिक्षणाआधी कुणीतरी १४४१६ लावून बघावा, मराठीत बोलायला कसं मिळतं ते समजून घ्यावं आणि मग इतरांना सांगावं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली तर पोक्सो या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’ ही सबब तिथे चालत नाही.

म्हणूनच ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला द्यायचं नाही. त्याऐवजीचं वाक्य छापून हातात ठेवा: ‘मला सांगितलंस ते बरं केलंस. वर्गात हे कुणाला कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल.’

जोड्या करून सरावाला एक प्रसंग द्या. नववीतला मुलगा, एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा स्वेटर, हल्ली मित्रांपासून तुटलेला. सरांनी त्याला सरळ विचारायचं, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, पण जीभ अडखळतेच. माणसं ‘तसलं काही मनात नाही ना तुझ्या?’ असं विचारतात आणि मूल सुटकेच्या सुरात ‘नाही’ म्हणतं. हा फरक दोन-तीनदा तोंडाने बोलल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. ‘आईवडिलांचा तरी विचार कर’ आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहून खोडा.

बोलायला दार लोटता येईल अशी खोली आणि नोंदवहीसाठी कुलपाचं कपाट लागेल. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलाचं नाव येणार नाही, हे आधीच बजावा.

एक अवघड भाग बाहेरच्या तज्ज्ञाकडेच सोपवा, मुख्याध्यापकांनी काढला तर तो वादात जातो. फी थकली म्हणून वर्गात उभं करणं, गुण मोठ्याने वाचून हसं करणं, ‘ढ तुकडी’ म्हणणं हे शाळेतच चालतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारण्याइतकाच मानसिक छळही वर्ज्य केला आहे. यावर चर्चेला अर्धा तास मोकळा ठेवा, कुरकुर होईल.

आणि वेळापत्रकात निकालाचा दिवस टाका. दहावी-बारावीचा निकाल उन्हाळी सुट्टीत लागतो. शाळेला कुलूप असतं, निम्मे शिक्षक गावी असतात. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत फोनवर कोण, नापास झालेल्यांच्या घरी संध्याकाळी कोण जाणार आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म कुणी समजावून सांगायचा, याची नावं जूनच्या बैठकीतच लिहून घ्या. बदलीवर गेलेल्यांच्या जागी नवी नावं दिवाळीनंतरच्या सत्रात भरा.