डिजिटल मायक्रोस्कोपखालील चकाकी कशी टाळावी

महापे येथील आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर सर्किट बोर्डाचे सोल्डर (सुटे भाग बोर्डाला जोडणारा, वितळवून लावलेला धातू) तपासताना पडद्यावर पुष्कळदा आठ पांढरे ठिपकेच तेवढे दिसत. ती भिंगाभोवतीच्या आठ एलईडींची चकचकीत सोल्डरवर पडलेली प्रतिबिंबे होती. अशा वेळी प्रकाश वाढवण्याचा मोह होतो, पण करायचे असते नेमके उलट. मायक्रोस्कोपच्या केबलवरील चकती फिरवून एलईडी अगदी मंद करावेत किंवा बंदच करावेत आणि टेबललॅम्प एका बाजूने, बोर्डाशी साधारण 20 ते 30 अंशांचा कोन होईल इतका खाली आणावा; तिरप्या प्रकाशात केसाएवढ्या भेगेलाही सावली पडते आणि ती चटकन नजरेत भरते. मला स्वतःला ही एकच गोष्ट महागड्या भिंगापेक्षा अधिक उपयोगी वाटते. तरीही चकाकी राहिली, तर दिव्यासमोर ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरावा. मात्र दिवा तापणारा नसावा.

सॉफ्टवेअरमधील ऑटो एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा आपोआप ठरवणारी सोय, बंद ठेवावे, कारण गडद हिरव्या बोर्डामुळे कॅमेरा चित्र उगाच उजळ करतो आणि सोल्डरचा तपशील पांढऱ्यात विरून जातो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग, त्याच प्रकाशात कोरा पांढरा कागद ठेवून जुळवावा. पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील, तर ते विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्यामुळे असतात; सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी 60 ऐवजी 50 हर्ट्झ निवडावी, कारण आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची आहे. पावसाळ्यात ढगांमुळे खिडकीतला उजेड क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून हे सारे पडदा ओढूनच करावे.