नव्या बाथरूममध्ये बारीक धार? टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

महिनाभर घरात धूळ, शेजारी जाऊन उरकलेल्या आंघोळी, आणि बाथरूम तयार झाल्यावर पहिल्याच सकाळी शॉवरमधून करंगळीएवढी धार! मुलुंडला आमच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर हेच झालं. प्लंबर म्हणाला, "ताई, लाइनमध्येच काहीतरी अडकलंय, भिंत उघडावी लागेल." आठ दिवसांपूर्वी बसवलेल्या टाइल्सकडे बघून पोटात गोळा आला. भिंत शेवटी उघडावी लागली नाही. तुमच्याही घरी छिन्नी-हातोडा येण्याआधी या क्रमाने बघा.

आधी मोजा

१० लिटरची बादली नळाखाली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि मोबाइलवर वेळ लावा. थंड पाण्याची वेळ वेगळी, गरमची वेगळी, स्वयंपाकघरातल्या नळाची वेगळी, अशा तिन्ही लिहून ठेवा. बादली मिनिटभरात भरली तर तक्रारीला जागा नाही. आमच्या बाथरूममध्ये तिला सव्वातीन मिनिटं लागली, स्वयंपाकघरात मात्र एक मिनिट. म्हणजे दोष सोसायटीच्या टाकीचा नव्हता, नव्या कामातच होता.

स्वयंपाकघरातही धार बारीक असेल तर खालच्या मजल्यावर त्याच लाइनवर राहणाऱ्यांना विचारा. गच्चीवरची टाकी भरली आहे का, हे वॉचमनला ठाऊक असतं. उन्हाळ्याच्या शेवटी तलाव आटले की महापालिका पाणीकपात जाहीर करते, त्या दिवसांत टाकीच अर्धी राहते. आणि एक गोष्ट नक्की बघा: काम चालू असताना प्लंबरने गच्चीवर तुमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केलेला असतो. तो परत पूर्ण उघडला का?

मग जाळ्या साफ करा

नूतनीकरणानंतर सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून इथे घाई करू नका. पाइप कापताना निघालेला कीस, सिमेंटचे दाणे, टेफ्लॉन टेपचे तुकडे हे सगळं पाण्याबरोबर वाहत येतं आणि पहिल्या बारीक जाळीशी अडतं.

मोरीच्या जाळीवर जुनं फडकं टाका, नाहीतर छोटा वॉशर थेट गटारात जातो. नळाच्या तोंडाशी असलेली जाळी हाताने फिरवून बघा. नाही फिरली तर तिच्याभोवती कापड गुंडाळून पान्याने फिरवा, म्हणजे क्रोमवर ओरखडे येणार नाहीत. आतले भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने बशीत मांडून फोटो काढा. आमच्या बशीत वाळूचे सात-आठ दाणे, पाइपचा पिवळट कीस आणि पांढऱ्या टेपची एक गुंडाळी निघाली. एवढ्याशा गुंडाळीने अर्धी धार अडवली होती.

जाळी जुन्या टूथब्रशने धुवा. ती परत बसवण्याआधी नळ दोन-तीन मिनिटं तसाच पूर्ण उघडा सोडा, म्हणजे मागे राहिलेला कचराही निघून जाईल. पाणी बादलीत धरा, लादी पुसायला कामी येतं.

शॉवरचंही असंच. शॉवर काढून नुसत्या दांड्यातून पाणी सोडा. दांड्यातून धार जोरदार आली तर दोष शॉवरचा. दांड्यातूनही कमी येत असेल तर कन्सील्ड स्टॉपकॉक (भिंतीत बसवलेला, लाइन बंद करायचा कॉक) आणि गिझरखालचे अँगल कॉक (काटकोनातले छोटे कॉक) पूर्ण उघडे आहेत का ते बघा. आमचा स्टॉपकॉक अर्धाच उघडलेला होता. डायव्हर्टरचं (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकचं) कार्ट्रिज, म्हणजे आतला भाग, मात्र स्वतः काढू नका, ते प्लंबरकडून उघडून घ्या.

फक्त गरम पाणी कमी येतंय? मग गिझरच्या थंड बाजूचा व्हॉल्व्ह आणि पिळ पडलेला कनेक्शन पाइप तपासा. नळ थुंकत, गुडगुडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. सगळे नळ एकदम उघडून काही मिनिटं वाहू द्या. तरी पुन्हा तसंच झालं तर फॉल्स सीलिंगमधून वर चढून खाली उतरलेल्या पाइपवर संशय घ्या, हवा तिथे अडकून राहते.

तरीही धार बारीकच?

आता टाकीची उंची बघा. आपल्या बहुतेक इमारतींत पाणी गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उतारावर येतं. १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक) दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकी आणि शॉवर यांत ३-४ मीटरचंच अंतर, म्हणजे दाब जेमतेम ०.३ ते ०.४ बार. दुकानात छान दिसणाऱ्या मोठ्या रेन शॉवरना बऱ्याचदा याहून कितीतरी जास्त दाब लागतो. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचूनच शॉवर घ्या. आम्ही वाचला नव्हता. तोच चौकोनी शॉवर आता पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे उत्तम चालतोय, आणि आमच्याकडे साधा, लहान तोंडाचा आहे.

पाइपचा व्यासही विचारा. पाऊण इंची लाइनच्या जागी अर्धा इंची टाकली तर पाणी जायची वाट निम्म्याहून कमी होते. भिंत उघडायची वेळ येते ती अशा चुकीमुळे, किंवा जुन्या गंजक्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला नवा पाइप जोडला असेल तर.

पंप लावावा का?

महापालिकेच्या लाइनवर थेट पंप कधीही लावू नका. ते बेकायदा आहे, शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि गळक्या जोडातून घाण आत खेचली जाऊ शकते. गच्चीच्या टाकीनंतर प्रेशर पंप बसवता येतो, पण सोसायटीची लेखी परवानगी घेऊनच. वरच्या दोन मजल्यांनी मिळून गच्चीवर एकच पंप घेतला तर खर्चही वाटला जातो आणि आवाजही घरात येत नाही.

तुमचं काम अजून टाइल्सपर्यंत आलं नसेल तर प्लंबरला दोन गोष्टी आजच सांगा: टाइल्स लावण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट करायची (दाबाने पाणी भरून गळती बघायची), आणि नळ-शॉवर बसवण्याआधी पूर्ण लाइन पाणी सोडून धुवायची. त्याच दिवशी भिंतीला मोजपट्टी लावून उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा.